मी खोडलेले कुणगे

पेपरात आपलं नाव छापून यावं म्हणून माणूस काय काय करतो हे ज्याला बघायचं असेल त्याने वर्षभर तालुक्याचा वार्ताहर होऊन पाहावं. मी पुष्कळ वर्षं होतो. पेडणे आणि डिचोली हे दोन तालुके माझ्याकडे. घर धारगळला, हमरस्त्याला लागून. बातमी लिहायची, लिफाफ्यात घालायची, वर लाल शाईने 'प्रेस' लिहायचं आणि पणजीला जाणाऱ्या बसला हात करायचा. ड्रायव्हर लिफाफा काचेपाशी टाकायचा आणि पणजीच्या स्टँडवर छापखान्याचा शिपाई तो उचलायचा. बस बंद पडली तर बातमीही बंद पडायची. एकदा पेडण्याच्या जत्रेची बातमी मालवणपर्यंत जाऊन चार दिवसांनी परत आली. ड्रायव्हरचा दोष नव्हता, मीच घाईत उलट्या दिशेच्या बसला हात केला होता.

तर नावं. आमच्या धंद्यात नावांची यादी हा सगळ्यात जोखमीचा माल. भाषणात मंत्री काय बोलले ते कोणी वाचत नाही, पण 'व्यासपीठावर उपस्थित होते' याच्यापुढची नावं माणसं बोट ठेवून वाचतात. धारगळलाच एक दुकानदार होते. त्यांच्या बहिणीच्या सासूच्या अंत्ययात्रेला हजर असलेल्यांत त्यांचं नाव घाला म्हणून ते माझ्या दारात येऊन बसले. मी विचारलं, तुम्ही होतात का? म्हणाले, "वचपाचो आशिल्लों, पूण बस चुकली मरे." जायचा बेत होता म्हणे, पण गेले नव्हते. मी नाव घातलं नाही. पुढे सहा महिने मी दुकानासमोरून गेलो की ते मान फिरवून गोणीतले तांदूळ निरखायचे.

असल्या गोष्टींचा मला अभिमान होता. माझ्या यादीत गावसचा गावकर होत नसे, सावळचा सावंत होत नसे. नाव चुकलं नाही म्हणजे बातमी खरी, अशी माझी ठाम समजूत होती. ज्याचं नाव आहे त्याला जाऊन विचारायचंही असतं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं आणि माझंही डोकं तिथपर्यंत गेलं नव्हतं.

मग भाषेचे दिवस आले. आज तरुण मुलांना सांगितलं तर खरं वाटत नाही. रस्त्यावर झाडं आडवी पडत होती, बसेस अडत होत्या, लग्नाच्या पंगतीत सोयरे एकमेकांशी बोलत नव्हते. गोव्याची राजभाषा मराठी की कोंकणी, यावर घराघरात दोन चुली मांडायची वेळ आली होती. मी मराठीच्या बाजूचा. आजही आहे. ज्या भाषेत मी पाटीवर पहिलं अक्षर काढलं, जिच्यात आमच्या देवळात आरत्या होतात, तिला घराबाहेर काढतात हे मला सोसत नव्हतं. आणि घरात मी आईशी बोलायचो ते आमच्या पेडण्याच्या बोलीत, जिला पलीकडचे कोंकणी म्हणत. त्यात मला कधी अडचण वाटली नाही. अडचण पणजीत बसलेल्यांना वाटत होती.

त्या दिवसांत दोन्ही बाजूंच्या पेपरांत रोज पाठिंब्याच्या याद्या छापून येत. अमुक वाड्यावरच्या ग्रामस्थांचा पाठिंबा, तमुक भजनी मंडळाचा पाठिंबा, क्रिकेट क्लबाचा, महिला मंडळाचा. वर दोन ओळींचा मजकूर आणि खाली नुसती नावं. एका भजनी मंडळाने सोमवारी आम्हाला पाठिंबा दिला आणि गुरुवारी पलीकडच्यांना. टाळ मात्र दोन्ही दिवशी तेच होते. आम्ही हसलो आणि पुढची यादी घेतली. हसणं सोपं होतं.

डिचोलीत आमच्या बाजूचे एक पुढारी होते, सगळे त्यांना नाना म्हणत. भाषणाला उभे राहिले की लोकांच्या अंगावर काटा यायचा, माझ्याही. त्यांचे ट्रक खाणीवर चालत होते, पण तिथे निम्म्या तालुक्याचे ट्रक खाणीवर चालत होते, म्हणून मी त्याचा विचार केला नाही. एके दिवशी त्यांनी बाजारातल्या चहाच्या हॉटेलात माझ्या हातात चार-पाच कागद टाचून दिले. "दत्तारामा, सातेरीवाडो आख्खो आमचे वांगडा आयलो. फाल्यां येवंक जाय," म्हणाले. आख्खा वाडा आमच्या बाजूला आला, यादी उद्याच छापून यायला हवी.

सातेरीवाडा म्हणजे खाणीच्या उताराखालचा वाडा, शेतकऱ्यांची वस्ती. वरच्या कागदावर टाइप केलेला मजकूर होता: आम्ही खाली सह्या करणारे मराठी राजभाषेला पाठिंबा देतो वगैरे. खालच्या कागदांवर हाताने लिहिलेली नावं, कुठे सही, कुठे अंगठा. आणि प्रत्येक नावापुढे एक आकडा. तीन, दोन, एक, चार. मला वाटलं, घरातली मतं असतील. यादीत आकडे छापत नाहीत. मी खिशातली निळी पेन्सिल काढली आणि हॉटेलातल्याच टेबलावर एकेका आकड्यावर रेघ मारली. रेघा सरळ आल्या होत्या, मला आठवतं. नावं मात्र दोनदा तपासली. लिफाफा बसमध्ये गेला आणि दुसऱ्या दिवशी यादी छापून आली, एकही चूक न होता.

त्यानंतरच्या बाजाराच्या दिवशी मी त्याच हॉटेलात बसलो होतो. एक म्हातारी बाई विचारत विचारत माझ्यापर्यंत आली. काष्टा मारलेला, पायाला लाल माती, हातात अळसांद्यांची पुरचुंडी. तिने ती माझ्यासमोर ठेवली. अळसांदे म्हणजे आमच्याकडची चवळी. दुसऱ्या कोणाच्या अळसांद्यांना ती चव नाही असं प्रत्येक घर म्हणतं.

"पेपरकार तूंच न्हय रे पुता? हांव सगुण. सातेरीवाड्यावयली. म्हजें नांव पेपरार आयलां म्हण सांगलें शाळेच्या मास्तरान. बरें केलें तुवें. आतां मामलेदार येवन पळयतलो."

मी विचारलं, मामलेदार काय बघणार?

"माती पळयतलो! आनीक किदें?" तिला माझ्या अज्ञानाचं नवल वाटलं. "वयर खाणीचो डंप कितलो वाडला पळयलाय? ह्या पावसाक तो सगळो आमच्या कुणग्यांनी देंवतलो. वाच मरे, किदें बरयलां तें. म्हाका वाचूंक येना."

खाणीतलं लोखंड बाहेर काढताना जी निकामी माती निघते तिचा डोंगर रचतात, त्याला डंप म्हणतात; पावसात तो खाली शेतांत उतरेल असं ती सांगत होती. आणि कुणगा म्हणजे भातशेतीचा बांध घातलेला एक तुकडा. आमच्याकडे एकरात कोणी बोलत नाही, तुझे कुणगे किती असं विचारतात. हे मला लहानपणापासून माहीत होतं. माझ्या वडिलांचे पाच होते.

मी पेपर उघडला. हॉटेलात माणसं होती म्हणून हळू आवाजात वाचलं. मराठी राजभाषेला पाठिंबा.

"भास?" सगुणकाकी म्हणाली. "आमी भाशेचें किदेंच सांगूंक ना. नानान म्हळें, अर्ज हांव कचेरींत दितां. हर एकल्यान आपलें नांव सांगलें आनी कुणगे सांगले. म्हजे तीन. आंगठो मारलो हांवें."

माझ्या हातातला चहाचा ग्लास मी खाली ठेवला. ते आकडे माझ्या डोळ्यांपुढे आले. तीन, दोन, एक, चार. नानांनी वरचा कागद काढून दुसरा टाचला होता. अर्ज गायब झाला आणि त्याच सह्यांवर पाठिंबा आला, एका टाचणीत दोन्ही कामं. त्या सह्या कशाच्या होत्या हे सांगणारी एकच खूण कागदावर उरली होती आणि ती मी पेन्सिलने खोडली होती. तिच्या वाड्याचा अर्ज कचेरीत पोचलाच नव्हता आणि पाऊस महिना-दीड महिन्यावर होता.

मी तिला सगळं सांगितलं. तिला नीट कळलं की नाही ते मला तेव्हा समजलं नाही. तिने पुरचुंडी परत घेतली नाही, एवढंच. ती तशीच टेबलावर राहिली आणि माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला, आधी नानांवर आणि मग स्वतःवर.

नानांच्या घरी गेलो. ते झोपाळ्यावर होते. मी विचारलं आणि ते नाकारतील असं मला वाटलं होतं. नाकारलं नाही. "अरे दत्तारामा, भुरगो काय रे तूं? भास रावली जाल्यार शेतां रावतलीं. आदीं भास. तुका मराठी जाय काय नाका, तें सांग." भाषा राहिली तर शेतं राहतील, असं त्यांचं म्हणणं. मराठीसाठी चाललेलं हे भांडण आम्ही दोघंही घरच्या बोलीत भांडत होतो. मी म्हटलं, मराठी हवी म्हणूनच विचारतोय, खोट्या सह्यांवर उभी राहणारी भाषा मला नको. त्यांनी पायाने झोपाळ्याला झोका दिला आणि आत पाहून चहा आणायला सांगितलं. तो चहा मी घेतला नाही. गोव्यात कोणाच्या घरचा चहा नाकारणं म्हणजे काय ते आमच्या लोकांना सांगायला नको.

तसाच पणजीला गेलो. आमचे संपादक सज्जन गृहस्थ होते, विद्वान होते, आणि हे मी आजही टोमणा न मारता लिहितो. मी चार ओळींची चूक-दुरुस्ती लिहून नेली होती. पेपरात आतल्या पानावर, हवामानाच्या खाली, बारीक अक्षरांत येते तेवढीच. त्यांनी ती दोनदा वाचली.

"दत्ताराम, तुमचं म्हणणं खरं आहे," ते म्हणाले.

"मग छापा साहेब."

"आत्ता नको. ही छापली तर उद्यापासून आपल्या प्रत्येक यादीला लोक खोटी म्हणतील. आंदोलन संपू दे. मग आपण खाणीवर मालिकाच करू, तुम्हीच लिहा."

'आत्ता नको.' या दोन शब्दांएवढे नीच शब्द मी माझ्या आयुष्यात ऐकलेले नाहीत. नाही म्हणणाऱ्याशी भांडता येतं. आत्ता नको म्हणणारा तुमच्या खांद्यावर हात ठेवतो. चळवळीला सत्याची अडचण होते म्हणे! ज्यांच्या नावाने चळवळ चालते त्यांच्या शेतात चिखल येतो त्याची अडचण होत नाही. त्यांनी माझा कागद खणात ठेवला आणि खण बंद केला.

खाली छापखान्यात मारुती म्हणून कंपोझिटर होता, बेळगावकडचा. शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून जुळवून त्याची बोटं काळी झालेली. छापून झालेला हस्तलिखित मजकूर फेकून द्यायचा नाही, तारेच्या आकड्याला टोचून ठेवायचा, अशी तिथली पद्धत. कोणी तक्रार घेऊन आलं तर चूक कंपोझिटरची की वार्ताहराची ते त्यावरून ठरवायचं. माझे चार-पाच कागद तिथे होते. मी मारुतीला म्हटलं, हे मला न्यायचे आहेत. बाहेर न्यायला परवानगी नाही हे दोघांनाही माहीत होतं.

"न्या की," मारुती म्हणाला. "माझ्या बाचं बी रान तलावात गेलंय. मी काय बगितलं न्हाई." आणि पाठ करून खिळे जुळवायला लागला.

आता कोणी म्हणेल, पलीकडच्या पेपराकडे का गेला नाहीस? गेलो ना. तिथला एकजण माझ्या ओळखीचा होता. त्याचे डोळे चमकले. "सह्यो फटींच्यो! पयल्या पानार घालतां," म्हणाला. खोट्या सह्यांची बातमी त्याला थेट पहिल्या पानावर हवी होती. मी म्हटलं, डंपचंही घाल, कुणगे घाल, पाऊस जवळ आलाय ते घाल. तो म्हणाला, खाणीचं मध्ये आणलं तर मुद्दा भरकटतो. मी कागद परत खिशात घातले. दोघांनाही भाषा हवी होती आणि त्या बाईची तीन शेतं कोणालाच नको होती. तुझी भाषा, माझी भाषा करणारी ही माणसं एका गोष्टीत मात्र अगदी एका भाषेत बोलत होती.

मामलेदारांकडे अर्ज नव्हता, तो आलाच नव्हता. नवा करावा तर निम्मा वाडा सही करायला तयार नव्हता. कोणाचा मुलगा नानांच्या ट्रकवर क्लीनर, कोणाचा जावई खाणीवर. शिवाय एकदा दिलेल्या अंगठ्याचं काय झालं ते लोकांनी बघितलं होतं. शेवटी सहाजण माझ्याबरोबर आले. सगुणकाकी सगळ्यांत पुढे.

मामलेदार तरुण होते, शांत होते. त्यांनी ते कागद उलटेपालटे केले. "वर तर भाषेचा ठराव आहे. हा शेतीचा अर्ज कशावरून?"

मी म्हटलं, नावांपुढे कुणग्यांचे आकडे आहेत.

"ते खोडलेत. कोणी खोडले?"

"मी."

"तुम्ही कोण?"

"ज्या पेपरात ही यादी छापली त्याचा वार्ताहर."

कोपऱ्यातला कारकून फस्सकन हसला. मामलेदार हसले नाहीत. त्यांनी कागद उजेडात धरला. माझ्या निळ्या रेघेखालचे आकडे वाचता येत होते. त्यांनी आम्हा सगळ्यांना बाहेर बसायला सांगितलं आणि एकेकाला आत बोलावून एकच प्रश्न विचारला, तुझे कुणगे किती? मी बाकावर बसून होतो. आतून आवाज ऐकू येत होता. "तीन." "दोन सायबा." "एकूच." सहा माणसं, सहा आकडे, आणि सहाही कागदाशी जुळले. मला त्या क्षणी रडू आलं, हे लिहायला लाज कशाची.

त्यांनी ते कागद अर्ज म्हणून दाखल करून घेतले. माझा जबाब लिहून घेतला. मी सही केली तेव्हाच मला ठाऊक होतं की माझा पेपर सुटला. आठवड्याने पत्र आलं की दोन्ही तालुक्यांसाठी दुसऱ्या वार्ताहराची नेमणूक झाली आहे, आपल्या सेवेबद्दल आभार. पत्रातलं माझं नाव चुकलेलं होतं. धारगळच्या हॉटेलात कोणीतरी माझ्याकडे न बघता 'फितूर' म्हणालं. त्या दुकानदारांनी मात्र त्या दिवशी मला हाक मारून बसवलं, आणि ते का ते मला अजून कळलेलं नाही.

पाहणी झाली. खाणवाल्यांना डंपाच्या पायथ्याशी बंधारा घालायचा हुकूम झाला. पण कागद आधी एका खोट्या यादीत गेले, मग छापखान्यातल्या तारेला टोचले गेले, मग माझ्या खिशातून फिरले, आणि त्यात जे दिवस गेले ते गेलेच. बंधारा वरच्या अंगाला अर्धा झाला आणि पाऊस आला. वरच्या अंगाचे कुणगे वाचले. खालच्या अंगाच्या कुणग्यांत गुडघाभर लाल चिखल बसला. तो सुकला की विटेसारखा होतो, त्यात नांगर शिरत नाही. सगुणकाकीचे तिन्ही खालच्या अंगाला होते.

मला लोक म्हणतात, तू नोकरीवर पाणी सोडलंस, मोठं केलंस. काही मोठं केलं नाही. हॉटेलातल्या टेबलावर मी एवढंच विचारायला हवं होतं की हे आकडे कसले. शेतकऱ्याच्या मुलाला तो प्रश्न सुचला नाही. माझं लक्ष गावस आणि गावकर यांच्यात होतं.

पुढे राजभाषेचा कायदा झाला, कोंकणी राजभाषा आणि मराठीलाही सरकारी कामात जागा, आणि त्याच साली गोवा घटक राज्यही झालं. दोन्ही बाजूंचे पुढारी मिरवणुकीत दिसले, नाना तर उघड्या जीपमध्ये. मी सातेरीवाड्यावर गेलो होतो. सगुणकाकी दारात सुपात काहीतरी पाखडत होती.

"राज्य जालें म्हणटात," ती म्हणाली. "पुता, पेपरार येता न्हय रे सगळें?"

"येतं काकी."

"म्हजे कुणगे गेले तें आयलें?"

मी नाही म्हटलं.

"नांव छापलें, आनी शेत छापूंक ना," ती म्हणाली. रागाने नाही. जे झालं ते सांगावं तसं. मग तिने मला बसायला पाट दिला.

त्यानंतर मी तीन पेपरांत काम केलं. तिन्ही ठिकाणी ती चूक-दुरुस्ती देऊन पाहिली. एकाने शिळी म्हटलं, एकाने त्या पेपराची चूक आम्ही का छापायची असं विचारलं, तिसऱ्याने ठेवून घेतली. संपादक साहेब गेले, नाना गेले, तो पेपर बंद पडला. सगुणकाकी गेली तेव्हा निधन वार्ता मीच दिली होती, ती मात्र लगेच छापून आली. आता या दिवाळी अंकाच्या संपादकांनी 'भाषेच्या दिवसांतल्या आठवणी' लिहा म्हणून पत्र पाठवलं. मी त्यांना कळवलं की आठवणी लिहीन, पण शेवटी एक मजकूर जसाच्या तसा घ्यावा लागेल. त्यांनी हो म्हटलं. आत्ताच, असंही म्हटलं.

चूक-दुरुस्ती. भाषेच्या आंदोलनाच्या काळात मी दिलेल्या बातमीत सातेरीवाड्यावरच्या ग्रामस्थांनी मराठी राजभाषेला पाठिंबा दिल्याचं छापलं गेलं होतं. ते खरं नव्हतं. त्यांनी भाषेबद्दल काहीही म्हटलं नव्हतं. खाणीची माती आपल्या शेतात येईल, ती अडवा, एवढंच त्यांनी म्हटलं होतं. त्यांच्या नावांपुढचा मजकूर मी खोडला होता. जे सहाजण कचेरीत आले त्यांच्यापुरता तो असा वाचावा: विठू, दोन कुणगे. शाणू, एक. गोपाळ आणि त्याचा भाऊ पांडू, प्रत्येकी दोन. जानकी, चार. सगुण, तीन, तिन्ही गेले.